बॅकअप परत आणताना: बंद पडलेल्या कॉम्प्युटरपासून उघडणाऱ्या फायलींपर्यंत

कॉम्प्युटर बसला की पहिल्या तासाभरात आपण जी धावपळ करतो, तीच पुष्कळदा जास्त महागात पडते. माझंच सांगतो. डिस्क गेली, नवी घातली, विंडोज टाकलं आणि मोठ्या उत्साहात बॅकअपची एक्स्टर्नल ड्राइव्ह जोडली. रिस्टोअर करायचं म्हणून बॅकअपचा जुना प्रोग्रॅमही लगेच टाकला. त्याच्या सेटिंगची फाइल ड्राइव्हवरच होती, ती मीच त्याला दाखवली. मग दुसऱ्या कामाला उठलो आणि ठरल्या वेळी त्याने ठरलेलं काम इमानेइतबारे सुरू केलं: कॉम्प्युटरवर जे आहे तेच बॅकअपमध्ये ठेवायचं. कॉम्प्युटर रिकामा होता. लक्षात येऊन मी वायर उपटेपर्यंत बॅकअपमधली दोन वर्षं पुसली गेली होती.

तेव्हापासून मी एकच पथ्य पाळतो. सगळ्या फायली परत आल्याची खात्री होईपर्यंत बॅकअपच्या ड्राइव्हवर एक अक्षरही लिहिलं जाऊ द्यायचं नाही. पुढची प्रत्येक पायरी या पथ्यावरच उभी आहे.

नेमकं काय गेलंय?

'कॉम्प्युटर चालू होत नाही' हे लक्षण झालं. आजार वेगवेगळे असू शकतात आणि त्याप्रमाणे पुढची वाट बदलते.

पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही, पडदा काळा आहे, असं असेल तर बिघाड पॉवर सप्लायमध्ये किंवा मदरबोर्डमध्ये असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी डिस्क बहुधा ठणठणीत असते. ती काढून यूएसबी केसमध्ये (डिस्क बाहेरून जोडायच्या डबीत) घाला आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. कदाचित बॅकअपची गरजच पडणार नाही. केस घेताना डिस्क साटा आहे की एनव्हीएमई ते पाहून घ्या, कारण दोन्हींची जोडणी वेगळी असते. मात्र काही लॅपटॉपमध्ये स्टोरेज बोर्डावरच डाग देऊन बसवलेलं असतं. ॲपलची सुरक्षेची टी२ चिप असलेल्या किंवा ॲपल सिलिकॉनच्या (ॲपलच्या स्वतःच्या प्रोसेसरच्या) मॅकमध्ये तर डेटाचं एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय न उघडणारं कुलूप, त्याच मशीनच्या चिपशी बांधलेलं असतं. तिथे हा मार्ग बंद.

डिस्कमधून टकटक किंवा खरखर आवाज येत असेल, तर कॉम्प्युटर बंद करा. 'एकदा चेकडिस्क मारून बघू' हा सल्ला इथे घातक आहे. चेकडिस्क फाइल सिस्टिम दुरुस्त करण्यासाठी डिस्कवर लिहितं आणि मरणाऱ्या डिस्कला ते श्रम झेपत नाहीत. त्या डिस्कवर बॅकअपमध्ये नसलेलं काही असेल, तर आधी तिची पूर्ण प्रतिमा, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल, दुसऱ्या डिस्कवर उतरवायची. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू त्यासाठी चांगलं. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडणारे सेक्टर (डिस्कवरचे बारके कप्पे) नंतरसाठी ठेवतं आणि कुठवर आलो याची नोंद एका फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे मध्येच थांबवलं तरी काम वाया जात नाही. पण डिस्क आवाज करत असेल आणि आतला डेटा दुसरीकडे कुठेच नसेल, तर घरगुती प्रयोग न करता ती डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडे द्या.

चुकून फाइल डिलीट झाली असेल तर डिस्कचा प्रकार महत्त्वाचा. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर पुसलेली फाइल तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तशीच पडून असते. एसएसडीवर ट्रिम नावाची सोय असते. ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कला 'ही जागा आता मोकळी' असं कळवते आणि डिस्क ती आतून साफ करून टाकते. म्हणून एसएसडीवर रिकव्हरी प्रोग्रॅमकडून फार आशा ठेवू नका. सरळ बॅकअपकडे वळा.

रॅन्समवेअर असेल, म्हणजे फायलींची नावं बदललीत आणि खंडणीची चिठ्ठी आलीय, तर नेटवर्क तोडा आणि बॅकअपची ड्राइव्ह त्या कॉम्प्युटरला अजिबात जोडू नका. जोडलीत तर तीही कुलुपबंद होईल. डिस्क पूर्ण पुसून, सिस्टिम नव्याने टाकून, मगच बॅकअप. तोही लागण होण्याच्या आधीच्या तारखेचा. लागणीआधीचा बॅकअप नसेल तर डिस्क पुसण्याआधी 'नो मोअर रॅन्सम' या प्रकल्पाच्या साइटवर पाहा. युरोपोल, डच पोलीस आणि सुरक्षा क्षेत्रातल्या कंपन्यांनी २०१६ साली तो सुरू केला. काही प्रकारच्या रॅन्समवेअरच्या किल्ल्या तिथे फुकट मिळतात.

हाताशी काय आहे ते कागदावर लिहा

कागदावरच, कारण कॉम्प्युटर बंद आहे. एक्स्टर्नल ड्राइव्ह, क्लाउड, मोबाइल, जुना लॅपटॉप, कपाटातले पेन ड्राइव्ह, इतरांना मेलने पाठवलेल्या फायली. प्रत्येकापुढे शेवटची तारीख लिहा. मेलच्या 'सेंट' फोल्डरला कमी लेखू नका. अर्ज, हिशेब, लेख अशा कितीतरी गोष्टींची शेवटची चांगली प्रत तिथेच सापडते.

क्लाउडबद्दल एक सावधगिरी. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह मुळात सिंक करतात. एका ठिकाणी पुसलं की सगळीकडे पुसलं जातं. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये आणि वैयक्तिक वनड्राइव्ह खात्याच्या रिसायकल बिनमध्ये पुसलेल्या फायली साधारण ३० दिवस राहतात. म्हणजे दिवस मोजले जाताहेत. क्लाउडमधून काही परत आणायचं असेल तर ते काम आज करा, विंडोज टाकणं उद्यावर गेलं तरी चालेल. आणि ते ब्राउझरमधून करा, सिंकचा प्रोग्रॅम इतक्यात टाकू नका.

आता बॅकअपची ड्राइव्ह दुसऱ्या, धडधाकट कॉम्प्युटरला जोडा. त्यावरचा आपोआप बॅकअप घेणारा प्रोग्रॅम आधी बंद करा. आत कोणती फोल्डरं दिसतात त्यावरून बॅकअपची जात ओळखता येते.

'फाइल हिस्टरी' नावाचं फोल्डर असेल तर तुम्ही नशीबवान. विंडोज ८ पासून आलेली ही सोय फायली साध्या स्वरूपातच ठेवते, फक्त नावापुढे तारीख आणि वेळ जोडते. त्या कुठल्याही कॉम्प्युटरवर थेट उघडतात. तारखेपुढची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) असते, त्यामुळे घड्याळाशी जुळत नाही म्हणून गोंधळू नका.

'विंडोज इमेज बॅकअप' असेल तर ती अख्ख्या डिस्कची प्रतिमा. पुष्कळांना वाटतं की ती फक्त जशीच्या तशी ओतता येते. तसं नाही. आतली व्हीएचडीएक्स फाइल (प्रतिमा तिच्यातच असते) विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून जोडली की ती वेगळ्या ड्राइव्हसारखी दिसते आणि हव्या त्या फायली उचलता येतात. जोडताना 'रीड ओन्ली'वर खूण करायला विसरू नका.

विंडोज ७ च्या पद्धतीचा जुना बॅकअप असेल तर आत झिप फायलींचा ढीग दिसेल. एकेक झिप उघडत बसण्यापेक्षा त्याच्याच रिस्टोअरच्या सोयीने काम करा. मॅकचं टाइम मशीन असेल तर ते वाचायला मॅकच हवा. लिनक्सवर टाइमशिफ्ट वापरत असाल तर सांभाळा: ते मुळात सिस्टिमच्या फायलींसाठी आहे आणि आपणहून होम फोल्डर घेत नाही. 'माझ्याकडे टाइमशिफ्टचे महिनाभराचे स्नॅपशॉट आहेत' असं म्हणणाऱ्याकडे स्वतःचा एकही फोटो नसू शकतो.

याच कागदावर किल्ल्यांची यादी करा. बॅकअप एन्क्रिप्ट केला असेल तर त्याचा पासवर्ड. विंडोजने डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर बिटलॉकरची (विंडोजच्या त्या कुलपाची) ४८ आकडी रिकव्हरी की. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन करत असाल तर ती त्या खात्यात साठवलेली असण्याची शक्यता मोठी आहे. पासवर्ड मॅनेजरचा मुख्य पासवर्ड. ओटीपी येणारा मोबाइल. बॅकअपचा पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये आणि पासवर्ड मॅनेजरची फाइल बॅकअपमध्ये, अशी तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवणारे लोक मी पाहिलेत. त्यांना कुणीही मदत करू शकत नाही.

बॅकअपचाच बॅकअप

ही पायरी सगळे टाळतात. तुमचा मूळ कॉम्प्युटर गेला त्या क्षणी बॅकअप हा बॅकअप राहिला नाही, ती तुमची एकुलती एक प्रत झाली. आणि ती बहुधा कित्येक वर्षं जुन्या, एकदोनदा खाली पडलेल्या ड्राइव्हवर आहे.

म्हणून आधी ड्राइव्हची तब्येत बघा. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो, लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स हे काम करतात. फिरत्या डिस्कसाठी दोन आकडे पाहायचे: रीअलोकेटेड सेक्टर (खराब होऊन बदललेले) आणि करंट पेंडिंग सेक्टर. दोन्ही शून्य असतील तर ठीक. पेंडिंगचा आकडा शून्याच्या वर असेल, तर काही जागा वाचताना डिस्क अडखळतेय. मग बाकी सगळं सोडून आधी महत्त्वाची फोल्डरं दुसरीकडे उतरवा.

वेळेचा अंदाज असू द्या, म्हणजे मध्येच घाबरून कॉपी तोडणार नाही. ५०० जीबी डेटा यूएसबी २ च्या पोर्टमधून, सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास वेग धरला, तर चार तास घेतो. तोच यूएसबी ३ मधून, फिरत्या डिस्कचा सेकंदाला १२० एमबी वेग धरला, तर सव्वा तासाच्या आत होतो. हजारो बारक्या फायली असतील तर दोन्ही हिशेब कोलमडतात आणि वेळ कितीतरी वाढतो. कॉम्प्युटर झोपी जाणार नाही अशी सेटिंग करून रात्रभर लावून द्या.

कॉपी झाली की दहाबारा फायली उघडून पाहा. सगळ्यात मोठी, सगळ्यात जुनी, सगळ्यात अलीकडची, एखादा व्हिडिओ, एखादी झिप. मग मूळ ड्राइव्ह काढून ड्रॉवरमध्ये ठेवा. यापुढचं काम प्रतीवरून.

प्रतिमा ओतायची की नव्याने मांडायचं?

माझं मत स्पष्ट आहे: जमेल तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाका आणि फक्त स्वतःच्या फायली परत आणा. अख्खी प्रतिमा ओतली की वर्षानुवर्षांचा कचरा, अर्धवट काढलेले प्रोग्रॅम आणि ज्या बिघाडाने कॉम्प्युटर बसला तो बिघाड, असं सगळं वरातीसारखं परत येतं.

तरी प्रतिमा ओतणं शहाणपणाचं ठरतं अशा वेळा आहेत. मशीन तेच आहे, फक्त डिस्क बदललीय, प्रतिमा अलीकडची आहे, आणि पुन्हा मिळणार नाही असा एखादा प्रोग्रॅम त्यात आहे. विंडोजच्या स्वतःच्या प्रतिमेसाठी नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी लागते. जुन्या १ टीबी डिस्कवर निम्मी जागा रिकामी होती म्हणून ५१२ जीबीवर ती बसणार नाही. प्रतिमा यूईएफआय (कॉम्प्युटर सुरू होण्याच्या नव्या) पद्धतीची असेल आणि तुम्ही कॉम्प्युटर जुन्या बायॉस पद्धतीने सुरू केलात, तरी रिस्टोअर अडतं. त्रुटीचा संदेश गूढ असतो, कारण मात्र बहुधा हे एवढंच.

आणखी एक विचार. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुनी प्रतिमा विंडोज १० ची असेल तर ती ओतून तुम्ही कालबाह्य सिस्टिम परत आणताय. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, मशीनमध्ये ते असेल तर हीच वेळ बदलायची.

नव्याने टाकायचं ठरलं की दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह तयार करा. तो पूर्ण पुसला जातो, तेव्हा यासाठी बॅकअपची ड्राइव्ह निवडली जात नाहीये ना, हे दोनदा बघा. आणि इन्स्टॉल सुरू करण्याआधी बाकीच्या सगळ्या एक्स्टर्नल ड्राइव्ह काढून टाका. इन्स्टॉलच्या पडद्यावर डिस्कांना शून्य, एक, दोन असे क्रमांक दिसतात आणि थकलेल्या माणसाच्या हातून चुकीचा क्रमांक पुसला जातो.

ॲक्टिव्हेशनची काळजी सहसा करावी लागत नाही. डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी जोडलेला असतो, त्यामुळे डिस्क बदलली तरी इंटरनेट मिळताच विंडोज आपणहून ॲक्टिव्हेट होतं. नवीन मशीनवर विंडोज ११ टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने आत शिरलात, तर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होऊ शकते. नवी रिकव्हरी की त्याच दिवशी कागदावर उतरवा.

मॅकवर रिकव्हरीत जाण्यासाठी इंटेलच्या मशीनवर सुरू होताना कमांड आणि आर दाबून ठेवायचं. ॲपल सिलिकॉनवर पर्याय दिसेपर्यंत पॉवरचं बटण. मॅकओएस टाकून झालं की मायग्रेशन असिस्टंटला टाइम मशीनची ड्राइव्ह दाखवा. तिथे मात्र नव्याने मांडण्याचा माझा हट्ट मी सोडतो, कारण ते काम खरंच नीट करतं.

फायली परत घालताना

आधी अपडेट, ड्रायव्हर, सुरक्षेचं काम पूर्ण. मग आज लगेच लागणारी फाइल असेल तर तेवढी. बाकीचं सगळं थेट 'डॉक्युमेंट्स'मध्ये ओतू नका. 'परत आणलेलं' असं एक वेगळं फोल्डर करा आणि सगळं तिथे उतरवा. मग निवांतपणे जागच्या जागी हलवा. 'ही फाइल आधीच आहे, बदलू का?' असा प्रश्न आला की घाईत 'सगळ्या बदला' दाबलं जातं आणि क्लाउडमधून आलेल्या नव्या फाइलवर सहा महिन्यांपूर्वीची बसते.

मोठ्या कॉपीसाठी माउसने ओढण्यापेक्षा विंडोजमधलंच रोबोकॉपी बरं. तुटलं तर पुन्हा चालवता येतं, झालेलं वगळतं, नोंद ठेवतं. दोन खोड्या माहीत हव्यात. एखादी फाइल वाचता आली नाही तर ते मुळात १० लाख वेळा प्रयत्न करतं, दर वेळी ३० सेकंद थांबून. म्हणून प्रयत्नांची संख्या आणि थांबा दोन्ही एकवर आणा. आणि त्यातला मिरर पर्याय वापरू नका. तो मूळ जागी नसलेलं सगळं दुसरीकडून पुसतो. माझी दोन वर्षं ज्याने खाल्ली, त्याचाच हा भाऊ.

वाटेत हमखास भेटणारे अडथळे: 'ॲक्सेस डिनाइड' आलं तर फायली बिघडलेल्या नाहीत, त्या जुन्या विंडोजमधल्या तुमच्या नावावर आहेत आणि नव्या विंडोजला तो माणूस माहीत नाही. प्रॉपर्टीजमधल्या सिक्युरिटीत जाऊन मालकी घ्या. ४ जीबीच्या वरची फाइल जात नसेल तर समोरचा पेन ड्राइव्ह फॅट३२ आहे. फोल्डरात फोल्डर करत पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला असेल तर वरचं फोल्डर ड्राइव्हच्या मुळाशी आणा आणि नाव छोटं करा. फोटोंवर आजची तारीख दिसली तर घाबरू नका. 'क्रिएटेड' तारीख कॉपीची असते, फोटो काढल्याची तारीख फोटोच्या आत असते.

ज्या गोष्टी फायलींसारख्या दिसत नाहीत

रिस्टोअर 'झालं' असं वाटल्यावर आठवडाभराने ज्याची हळहळ लागते ते सगळं या भागात आहे.

प्रोग्रॅम फाइल्सचं फोल्डर कॉपी करून प्रोग्रॅम चालत नाहीत. ते पुन्हा टाकावेच लागतात. त्यांची माहिती मात्र बऱ्याचदा ॲपडेटा या लपलेल्या फोल्डरमध्ये असते. बॅकअपमध्ये ते आहे का पाहा. फायरफॉक्स आणि थंडरबर्ड यांचं प्रोफाइल फोल्डर उचलून नव्या जागी ठेवलं की बुकमार्क, पासवर्ड, मेल सगळं हजर होतं. क्रोमचं तसं नाही. विंडोजवर त्याचे पासवर्ड तुमच्या विंडोज खात्याशी बांधून एन्क्रिप्ट केलेले असतात, त्यामुळे फोल्डर कॉपी करून पासवर्ड येत नाहीत. गूगल खात्याशी सिंक चालू असेल तर तिथूनच आणा.

मेल आयमॅप पद्धतीचा (सर्व्हरवरच राहणारा) असेल तर खातं जोडताच परत येतो. पॉप पद्धतीने उतरवून घेत असाल तर तो फक्त त्या डिस्कवरच असू शकतो. आउटलुक ते मेल ज्यात साठवतं ती पीएसटी फाइल शोधा. हिशेबाचे किंवा डेटाबेसवर चालणारे प्रोग्रॅम असतील तर त्यांच्या डेटाचं फोल्डर कॉपी करून भागवू नका, त्यांची स्वतःची बॅकअप फाइल आणि स्वतःचं रिस्टोअर वापरा. प्रोग्रॅम उघडा असताना कॉपी झालेला डेटाबेस अर्धवट असू शकतो.

आणि फाँट. युनिकोडच्या आधीच्या काळात टाइप केलेली मराठी कागदपत्रं त्या त्या फाँटशिवाय इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतात. फाइल खराब झाली म्हणून टाकून देऊ नका. जुन्या डिस्कवरच्या किंवा प्रतिमेतल्या विंडोज फोल्डरात 'फाँट्स' शोधा, तो फाँट टाका, मजकूर जिवंत होईल.

मोजणी, आणि मग पुढे

दोन्हीकडच्या फोल्डरांवर राइट क्लिक करून फायलींची संख्या आणि एकूण बाइट जुळवा. फक्त संख्या जुळणं पुरेसं नाही, शून्य बाइटची फाइलही मोजली जाते. ज्यांच्याबद्दल जास्तच काळजी आहे अशा फायलींचा शा-२५६ (फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा) काढून ताडून पाहा. विंडोजमध्ये पॉवरशेलची गेट-फाइलहॅश ही आज्ञा ते करते.

शेवटच्या बॅकअपपासून बिघाडापर्यंतचे दिवस उरतातच. त्या दिवसांची यादी करा आणि मेल, मोबाइल, व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फायली, क्लाउडचा ट्रॅश असं एकेक ठिकाण चाळा. जुनी डिस्क अजून वाचता येत असेल तर तिच्या प्रतिमेवर फोटोरेक हा पुसलेल्या फायली शोधणारा प्रोग्रॅम चालवता येईल. ते फायलींची नावं आणि फोल्डरं परत देत नाही, नुसता ढीग देतं. सापडलेलं त्याच डिस्कवर उतरवायचं नाही हे वेगळं सांगायला नको.

सगळं जागेवर आल्यावर नवा बॅकअप सुरू करा, पण नव्या ड्राइव्हवर. ड्रॉवरमधल्या ड्राइव्हवर आजची तारीख आणि 'पुसू नये' अशी चिठ्ठी लावा. दोन-तीन महिने तरी ती तशीच राहू द्या, कारण 'अरे, ते फोल्डर कुठे गेलं?' हा प्रश्न बहुधा पुढच्या हिशेबाच्या किंवा अर्जाच्या वेळीच पडतो.